पंगतीत ठेवलेली खुर्ची

बाई, तुम्ही गेल्यावर तुमच्या बालवाडीच्या खोलीचं कुलूप कोणी उघडलंच नाही. अधारतालच्या त्या गल्लीतून मी आजही जाते, तर आतून ताटल्या वाजून राहिल्यासारखं वाटते. आणि तुमच्या ह्या स्वयंपाकिणीला तुमचा आवाज, "डाळ चाखली का? मुलांच्या आधी स्वयंपाकिणीनं चाखायची." मी भरभर निघते. भरभर म्हणजे काय, गुडघे तर तुम्ही बघितले नाहीत माझे.

तर सांगायचं होतं ते हे, की माझी नात सरकारात साहेब झाली. कमानिया गेटवरून खव्याची जलेबी आणून मी अख्ख्या गल्लीला वाटली, जिच्याशी बोलत नाही त्या शेजारणीलाही. मग कळलं, खातं तेच, बालवाड्या तपासणारं. आपली बालवाडी तपासायला आलेला तो साहेब आठवला. तो खुर्ची मागतो आहे आणि तुम्ही म्हणता आहात, "भैया, यहाँ सब पंगत में बैठते हैं. पहले खाइए, फिर जाँचिए." तो उभाच राहिला, न जेवता शेरा लिहून गेला. पुढे संस्थेची सरकारी मदत थांबली, मग बालवाडी, मग तुम्ही.

परवा नात म्हणे, "आजी, चल, एका संस्थेची बालवाडी दाखवते." तिथं पंगतीच्या टोकाला टॉवेल टाकलेली खुर्ची तयार. ती बसली. माझ्या मानेमागे तुम्ही उभ्या होत्या, बाई, मी वळून नाही पाहिलं. मी मुलांमध्ये जाऊन बसली.

"आजी, खाली काहून बसली? उठ ना, सब देख रहे हैं."

"देखने दे. तूही ये. जेव."

हसली पोरगी. ओढणी खोचून खाली बसली, एक घास घेतला. "डाल इतनी पतली?"

सेविका ताटलीकडेच बघत म्हणाली, "दीदी, सरकारी राशन कब से नहीं आया. घर से लाकर पका रहे हैं."

"तो बताया क्यों नहीं?"

"कुर्सीवालों को बताओ तो कहते हैं, ये संस्थावाले तो रोते ही रहते हैं."

नातीनं तिथूनच ऑफिसात फोन लावला. राशन येईल, पण वरच्या साहेबांची सही व्हायची आहे. "प्रोसेस है, आजी." पोरांचं पोट थांबते का तोवर? म्हणून मी पिशवीत तुरीची डाळ घेऊन जाते. तुम्ही ओरडल्या असत्या, सरकारची चूक आपण झाकायची नाही म्हणून. हे पत्र तुमच्यापर्यंत तर जात नाही, आणि नातीला मी दाखवणार नाही. सेविका विचारते, "अम्मा, दाल किसने भेजी?"

मी म्हणते, सरकारनं.