लिडवीन, १९८८

३ एप्रिल, बुधवार

फुकट पास! माझ्या नावाने! पोस्टाने!

चर्चमागच्या जुन्या बागेने पाठवलाय. 'फूल निर्माण करणाऱ्याच्या पत्नीस आजन्म विनामूल्य प्रवेश.' वर सोनेरी अक्षरं. सीम ऑक्टोबरात गेला आणि यांना आता त्याची बायको आठवली. त्या बागेचं फाटक माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. दर वसंतात बसगाड्या भरून माणसं येतात, तीनशे-चारशे वर्षांपूर्वीचे ट्युलिप बघायला, आणि मी खिडकीत उभी राहून बटाटे सोलते. आत पाऊल टाकलेलं नाही. छत्तीस वर्षं. माझा आणि त्या बागेचा छत्तीसचा आकडाच आहे म्हणा.

का, ते गावाला पाठ आहे. नवऱ्याने जन्मात एकच फूल काढलं — नवं, स्वतःचं, नोंदणी केलेलं. आणि नाव ठेवलं लिडवीन. आमच्या शेडमध्ये कंद सोलायला यायची ती लिडवीन! सहा फुटी बाई, हसली की शेडचा पत्रा हलायचा. माझं नाव आफ्रा. आफ्रा हे नाव काय फुलाला शोभत नव्हतं?

पास फाडला. दोन तुकडे. मग चार.

६ एप्रिल, शनिवार

तैस आला होता. माझा मोठा मुलगा, पण अजून दारात बूट काढताना भिंतीला हात टेकतो, डाग पडतो.

कॉफी घेता घेता परत तोच विषय. मेलेलं जन्मलेलं बाळसुद्धा आता नगरपालिकेत नोंदवता येतं म्हणे, कितीही वर्षांनी. "आई, करूया की. तुझं बाळ होतं ते."

मी म्हटलं, नाव काय लिहू?

मला दाखवलंसुद्धा नाही. नर्सने कापडात गुंडाळून सीमच्या हातात दिलं आणि तो घेऊन गेला. मुलगी होती एवढं कळलं, तेही दाराआडून. बाप्तिस्मा नाही, म्हणून नाव नाही. नाव नाही, म्हणून थडगं नाही. कुंपणापाशी कुठंतरी पुरलं म्हणे. पाद्री म्हणाले, विसरून जा, दुसरं होईल. झालं की! तैस झाला, मग पीट झाला. मुलं किती, असं कोणी विचारलं की मी दोन सांगते. सीम गप्प बसायचा. तो बाकी वेळीही गप्पच बसायचा म्हणा. त्या वर्षी तर शेडमागे एकटाच ट्युलिपचं बी पेरत बसला होता. बी कोण पेरतं? सहा-सहा वर्षं फूल येत नाही. सगळे हसायचे.

"नाव नाही तर नोंद कसली," मी म्हटलं. आणि बिस्किटांचा डबा बंद केला. एक कॉफी, एक बिस्किट, विषय संपला.

७ एप्रिल, रविवार

लिहितेच आहे तर हेही लिहून टाकते. इथं कोण वाचणार आहे!

सगळ्यांच्या घरी असतं तसं आमच्याही संडासात वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं आहे. वर्ष नसलेलं, कायमचं. त्यावर चौदा एप्रिलला पेन्सिलीने एक अक्षर आहे. ल. सीमच्या हातचं.

चौदा एप्रिल! मी बाळ गमावलं ती तारीख. त्याच घरात त्या तारखेला हा दुसऱ्या बाईचं अक्षर लिहितो, आणि मी रोज तिथं बसायचं नि बघायचं? पुसलं नाही मी. मुद्दाम. त्यालाही रोज दिसू दे म्हटलं.

विचारलं का नाही? आमच्यात विचारत नाहीत.

९ एप्रिल, मंगळवार

गेले! त्यांच्या नाकावर टिच्चून गेले. तिकीट काढून. दारावरची मुलगी म्हणाली, आजी, तुम्हाला पास पाठवला होता ना? मी म्हटलं, फाडला. आणि मी तुझी आजी नाही.

ती मारिट निघाली. बागेची नवी मुख्य. तिशीची असेल, गुडघ्यापर्यंत चिखलाचे बूट, नखांत माती. मला आवडली. पण दाखवलं नाही.

बाग छान आहे. लिहायला जिवावर येतंय, पण आहे. छोटे छोटे वाफे, प्रत्येक जातीला एक, पुढे लाकडी पाटी. नाव आणि साल. काही सालं वाचून मला घेरीच आली. नेपोलियनच्या आधीचं फूल माझ्या पायाशी उभं!

शेवटून दुसऱ्या रांगेत सापडलं. 'लिडवीन, १९८८.'

हे? एवढंसं? पांढरं, ठेंगणं, माझ्या पोटरीलासुद्धा लागत नाही. पाकळीच्या कडेला गुलाबी रंग असून नसल्यासारखा. एकोणीस फुलं, अंग चोरून उभी. आणि हे त्या उंटिणीचं नाव? मी तिथंच मोठ्याने हसले. एका जपानी कुटुंबाने माझा फोटो काढला.

आणि चहाच्या टपरीवर कोण? खुद्द बाईसाहेब! बासष्ट वर्षांच्या, केस लाल रंगवलेले, बागेत फुकट सेवा करतात. "आफ्रा! अगं शेवटी आलीस! बघितलंस माझं फूल?"

माझं फूल!! कानामागून आली आणि तिखट झाली. कॉफी दिली, वर बिस्किटांचा डबा उघडाच ठेवला. दोन घे, तीन घे. मनात चोर असल्याशिवाय कोणी असा डबा उघडा ठेवत नाही.

११ एप्रिल, गुरुवार

परत गेले. का ते माहीत नाही. वाफ्यापाशी अर्धा तास उभी होते. मारिट म्हणाली, सीमआजोबांबद्दल काही सांगा ना, पाटीवर लिहू. मी म्हटलं, लिही, घोरायचा.

१२ एप्रिल, शुक्रवार

पाऊस. खिडकी. बटाटे.

१४ एप्रिल, रविवार

चौदाला मी घराबाहेर पडत नाही. पडदेसुद्धा उघडत नाही. पंचावन्न वर्षांचा नेम. आज उघडले. म्हटलं, आता कोणासाठी लपायचं?

समोर टपरीवर पताका! रंगीत! पताका बघून माझं डोकंच फिरलं. कोट चढवला आणि गेले.

लिडवीन केक कापत होती. भोवती दहा-बारा माणसं टाळ्या वाजवत होती. "ये गं आफ्रा! आज माझ्या नावाच्या संतिणीचा दिवस. संत लिडवीन! वाढदिवस सप्टेंबरात असतो, पण दोनदा केक खाल्ला म्हणून कोण फाशी देतंय!"

ल. म्हणजे तेच. छत्तीस वर्षं नुसता संशय होता, आज साखर घालून बशीत मिळाला. नवरा नेला, फूल नेलं, ते नेलं तर नेलं, माझी तारीखसुद्धा बळकावली हिने! त्या तारखेला आहे काय माझ्याकडे? दाखवायला थडगंसुद्धा नाही. तीही हिचीच निघाली!

आणि वर म्हणते, चल, माझ्या फुलापाशी दोघींचा एक फोटो काढू.

चल म्हटलं.

वाफ्यापाशी गेले आणि गुडघे टेकले. लोकांना वाटलं बाई वास घेतेय. मग अंगठा लावला. पाकळीच्या खाली, देठाच्या टोकाशी. टक्. दुसरं. टक्. पन्नास वर्षं शेतात मुंडकी खुडली आहेत मी, झोपेतसुद्धा खुडीन. एकोणीस! मिनिटही लागलं नसेल. मागे कोणीतरी किंचाळलं. एका म्हाताऱ्याने मुलाचे डोळे झाकले, जणू मी कोंबड्याच कापत होते. मारिट बूट फदफदवत धावत आली, पण तोवर काम झालं होतं.

लिडवीन रडली. सहा फुटी बाई, हातात केकची सुरी, आणि ढसाढसा रडतेय.

खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. फाटकापर्यंत बरं वाटलं. रस्ता ओलांडेपर्यंतही. घरात आल्यावर नाही.

१५ एप्रिल, सोमवार

दारावर मारिट. मला वाटलं पोलिसांना घेऊन आली. आणली होती ती टोपली, आत माझी एकोणीस मुंडकी.

मी म्हटलं, माफी मागणार नाही.

"मागू नका," म्हणाली. "पण इतकं साफ कोणी शिकवलं तुम्हाला? पानाला धक्का नाही, देठ शाबूत. मी शिकवून शिकवून थकले, माझ्या माणसांना जमत नाही."

मग खुर्ची ओढून बसली. त्या वाफ्याचं काही खरं नव्हतं म्हणे. दर वर्षी कंद बारीक होत चालले होते. पाहुण्यांसाठी फुलं शेवटपर्यंत राखायची, मग कंदात काय जीव उरणार? आणखी दोन-तीन वर्षांत जात संपली असती, जगात दुसरीकडे कुठंही नाही. आता फूल वेळेवर गेलं, सगळा जोर खाली जाईल, कंद भरेल. "तुम्ही वाचवलंत त्याला."

हात्तिच्या! गेले होते मुळावर उठायला आणि मूळच धरलं!

बागेत यायला मात्र मला आठवडाभर बंदी. नियम म्हणजे नियम. हेही मला आवडलं.

जाताना एक कागद ठेवून गेली. सीमने त्या वेळी भरलेल्या नोंदणीच्या अर्जाची प्रत. शेवटच्या ओळीत 'नाव कोणावरून?' असा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर बागेत कोणालाच लागत नाही. सीमचं अक्षर म्हणजे कोंबडीने माती उकरावी तसं. ते फक्त मला वाचता यायचं. "तुम्ही वाचून द्याल का?"

मी द्यायचं! त्या बाईचं नाव मी वाचून द्यायचं! कागद बघितलासुद्धा नाही. सुतळीच्या खणात टाकला.

१७ एप्रिल, बुधवार

लिडवीन आली. उरलेला केक घेऊन. दारातच उभी राहिली, वाकून, आमची चौकट तिला बुटकी पडते.

म्हटलं आता काय ते होऊन जाऊ दे. आणि विचारलं. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा. तुझं नि सीमचं काय होतं?

"वेडी आहेस का गं?" तिचं तोंड उघडंच राहिलं. "तो माझ्याशी कंदांशिवाय एक शब्द बोलला नाही! 'हा कुजका, तो चांगला' — एवढंच. फुलाचं नाव मला दुसऱ्याकडून कळलं. मी आपली थँक्यू म्हणायला गेले, तर लालेलाल झाला आणि सायकल घेऊन पळाला. मला वाटलं, बघ लिडवीन, कोणालातरी तू आवडलीस. लग्न तर झालं नाही माझं. छत्तीस वर्षं मी त्या पळण्यावर काढली गं."

खोटं बोलत नव्हती. खोटं बोलताना ती नाक चोळते, शेडमध्ये असल्यापासून.

आत बोलावलं. कॉफी केली. बिस्किटांचा डबा मध्ये ठेवला, झाकण लावलं नाही.

मग ते ल कोणाचं?

१८ एप्रिल, गुरुवार

खण उघडला. बंद केला. मी कोणाला घाबरत नाही.

१९ एप्रिल, शुक्रवार

घाबरते.

२० एप्रिल, शनिवार

वाचलं. खिडकीपाशी, चष्मा पुसून.

बी पेरलं: ऑक्टोबर १९६९. लिडवीन तेव्हा आठ वर्षांची होती, शाळेत जायची.

पहिलं फूल: १९७५. नोंदणीपुरते कंद: १९८८.

नाव: लिडवीन.

नाव कोणावरून: आमच्या थोरलीवरून. चौदा एप्रिलची, म्हणून त्या दिवसाच्या संतिणीचं नाव.

मेल्या सीम! एकदा तोंड उघडायचं होतंस! समोर, फाटकापलीकडे, इतकी वर्षं उभी होती ती, आणि मी बटाटे सोलत होते!

संडासातल्या कॅलेंडरवर ल च्या पुढची अक्षरं लिहिली. पेनाने, दाबून.

मग तैसला फोन. सोमवारी गाडी घेऊन ये, नगरपालिकेत जायचंय. तुझ्या बहिणीची नोंद करायची आहे.

"आई, पण तूच म्हणालीस, नाव —"

नाव आहे.