गोरीबाईचं गवत

८ फेब्रुवारी

ती. बाबा,

नमस्कार. गुडघा काय म्हणतो? ताई सांगत होती की तुम्ही व्यायाम सोडून तिच्या घरच्या बिजागऱ्यांना तेल घालत फिरता. मुकादमकी अंगातून जात नाही म्हणायची!

इकडे रस्तादुरुस्तीच्या चौकीवर सगळं ठीक. तुमच्या जागी मला पाहून गँगमधले आधी गालातल्या गालात हसायचे. आता 'मुकादमबाई' म्हणतात आणि चहाही आधी मला देतात.

सध्या मला एक वेड लागलंय. शेडवर तुम्ही घरट्यासाठी ठोकलेल्या पेटीखाली घुबडं ज्या गोळ्या ओकून टाकतात ना, त्या मी पाण्यात भिजवून फोडते. आत उंदरांचे चिमुकले जबडे, दातांसकट! साहेब म्हणाले, "काय हा घाणेरडा नाद!" आणि मग स्वतःच चष्मा लावून वाकले.

एवढे उंदीर येतात कुठून? तर हमरस्त्याच्या कडेच्या गवतातून. तुम्ही घुबडांसाठी मुद्दाम न कापता वाढवलेल्या.

मग मी दिवेलागणीला उभी राहून बघू लागले. गवतावर घुबड अगदी गुडघाभर उंचीवरून उडतं, मान खाली, कान उंदराकडे. आणि तसंच, त्याच उंचीवर, रस्ता ओलांडतं. पुढे वळणावर मात्र दाट, उंच झुडपं थेट रस्त्याला लागून आहेत. तिथे त्याला वर चढावंच लागतं. काल खालून ट्रक गेला, वरून घुबड. मी चक्क टाळी वाजवली.

वळणावर मला एकही पीस सापडलं नाही. गवताच्या बाजूला सापडतात.

बाबा, परवा फोनवर तुम्ही पेटीतल्या मादीबद्दल विचारलंत, "आमची गोरीबाई कशी आहे?" आणि मी "मजेत" म्हणाले. तुमचा आवाज इतका खुशीत होता की जीभच रेटेना. म्हणून हे पत्र.

गोरीबाई गेली. गवताच्या कडेलाच सापडली. पंख उघडून पाहिला, त्यावर चाकाची खूणही नव्हती. ट्रकचा नुसता फटका बसला असेल. मी तिला शेडमागे पुरलं आणि खूप रडले.

नर अजून पेटीतच आहे. रोज ओरडून नवी जोडीदारीण बोलावतो. ती आली तर तीही ह्याच गवतावर उतरणार. म्हणून मी ठरवलंय, रविवारी कडेचं गवत कापायचं, तिथे वळणासारखी दाट झुडपं लावायची आणि पेटी पार पलीकडे, रस्त्याचा आवाजही पोचत नाही त्या जुन्या पाणीटाकीपाशी न्यायची. गवत तिथे वाढवू, हवं तेवढं. साहेब हो म्हणालेत.

पेटी तुमच्या हातची आहे. खिळे असे ठोकलेत की नुसती हलवून पाहिली तर शेडच हलली. तिकडे नेऊन कुठल्या दिशेला तोंड करून बसवायची, ते तेवढं कळवा. मला त्यातलं कळत नाही.

रागवायचं असेल तर रविवारच्या आत रागवा. मी ऐकून घेईन, पण गवत कापीन. तुम्ही ते मायेनंच वाढवलंत, हे मला ठाऊक आहे. त्या नराला ते कोण सांगणार? तो आजही तिन्हीसांजेला तुमच्याच गवतावर तिला शोधत फिरत होता, गुडघाभर उंचीवरून.

तुमचीच, विळ्याला धार लावून बसलेली,
धाकटी