काळं येतंय तोवर

५ जून

ती. बाबांना,

सा. न. वि. वि. नमस्कार पोचला असं धरा, राग मात्र तसाच आहे. माझ्या पैशातले पाचशे कुठे गेले म्हणून मी सरळ विचारलं, तर तुम्ही लिहिलंत की घड्याळाला काच बसवली. म्हणजे परत घड्याळच. मी इथे दिवसभर पॉलिशच्या चाकासमोर उभा राहून नळ घासतो, शिंकलो तरी काळं येतं, आणि तुम्ही तिकडे कुणी खिशात घालत नाही असल्या घड्याळांना काचा बसवता.

मी काही विसरलेलो नाही. माझी सातवीची फी भरायची होती तेव्हा ते झाकणावर गुलाब कोरलेलं घरात आलं. गिऱ्हाइकाने सुटाच्या शिलाईच्या बदल्यात दिलं म्हणालात. शिलाई रोख मागता आली असती. फी राहिली, मी वर्गाबाहेर उभा राहिलो, आणि मग शाळेत गेलोच नाही. तुम्ही मात्र शिलाई मशीनच्या मागे भिंतीवर टांगलेल्या त्या मखमलीवर गुलाबासाठी आणखी एक खिसा शिवलात. दर घड्याळाला वेगळा खिसा, वर नक्षीची टीप. घरात शिंपी असून माझ्या शर्टाला एक खिसा धड नव्हता.

तर आता ऐका. पुढच्या महिन्यापासून घरी पाठवतो त्या साडेतीन हजारातले पाचशे कापणार. उरलेल्यात घर चालवा. घड्याळांना माझा पैसा नाही. आईला सांगा, खोकला बरा आहे. लोभ नसला तरी चालेल, हिशोब असू द्या.

आपला मुलगा


१४ जून

चि. मुलास,

अनेक आशीर्वाद. पत्र पावलं. अक्षर सुधारलं आहे, तोंड नाही. काच फुटली होती, बसवणं भाग होतं. यापेक्षा जास्त लिहीत नाही. पाचशे कापायचे तर काप.

एक विचारायचं होतं. ते पॉलिशचं चाक जुनं घेतलं तर केवढ्याला पडतं? त्याला जागा किती लागते, कोपऱ्यावरच्या छत्रीवाल्याच्या दुकानाएवढी पुरते का? धुळीला खिडकी चालते की पंखाच बसवावा लागतो? सहज विचारतोय. छत्रीवाला दुकान सोडून चालला आहे, त्यावरून विषय निघाला.

तुझी आई म्हणते, पोरगा परक्यांचे नळ चमकवतो आणि आपल्या दाराची पितळी कडी काळीठिक्कर पडली आहे. डोळ्यांवर चष्मा लाव काम करताना. प्रकृतीस जप, आम्ही आहोत तसे आहोत.

तुझे बाबा


२२ जून

ती. बाबांना,

सा. न. चाकाची किंमत विचारून टोमणा मारलात, समजलो. शिकला नाही म्हणून चाक फिरवतो, हेच ना? तरी सांगतो. जुनं चाक मोटरसकट सोळा हजार. छत्रीवाल्याची जागा पुरते. पंखा लागतो, खिडकीने भागत नाही. झालं समाधान?

पुढचं आईसाठी आहे, तिला वाचून दाखवा. आई, आमच्यातला एक सोबती गावी चाललाय, त्याच्या हाती तुला लाल डबा पाठवलाय. आमच्या कारखान्यातलं पॉलिश आहे, बाजारात मिळत नाही. चिंधीवर बोटभर घे आणि जोर लावून गोल गोल घास. चिंधी काळी होईल, घाबरू नकोस. काळं येतंय तोवर थांबायचं नाही, मळ जातो. कडी अशी झाली पाहिजे की बाबांना तीत आपलं तोंड दिसेल.

आईला माझी आठवण असू द्या, तुमची मर्जी तुमच्यापाशी.

आपला मुलगा


१३ जुलै

चि. भिरभिऱ्या,

ताईचे आशीर्वाद. एका जागी बसला असशील तरच हे वाच. बाबांनी मला बजावलंय की तुला यातलं काही कळवायचं नाही. माझ्याच्याने राहवत नाही.

बाबा सगळी घड्याळं विकायला निघाले होते. जुनी नक्षीची घड्याळं जमवणाऱ्या एक बाई आहेत, डोळ्याला भिंग लावून बघतात. त्यांनी येऊन सगळी पाहिली आणि चांगला भाव सांगितला. एकाची काच फुटली होती, ती तेवढी बसवून ठेवा म्हणाल्या. तुझे पाचशे तिथे गेले. छत्रीवाल्याच्या दुकानाचं डिपॉझिट, जुनं चाक, पंखा, सगळं त्यात बसत होतं. बाबांना तुला घरी आणायचं होतं रे. मी म्हटलं, मग लिहा ना त्याला. तर म्हणाले, पैसे हातात येईपर्यंत नाही, मी त्याला सांगितलेलं आजवर एकही खरं झालेलं नाही.

बाई न्यायला येणार त्या दिवशी बाबा त्यांना आणायला स्टॉपवर गेले. आईला तेवढंच ठाऊक की घड्याळं विकली की तू येणार. तिला वाटलं, चकचकीत दिसली तर चार पैसे जास्त मिळतील. तिने एकेक खिसा रिकामा केला आणि तुझा लाल डबा उघडला. तू सांगितलं होतंस काळं येतंय तोवर थांबायचं नाही. ते येतच राहिलं, ती घासतच राहिली. सोनेरी मुलामा गेला, खालचं तांबं दिसायला लागलं. एका घड्याळावरच्या होडीच्या चित्राचा निळा रंग चिंधीवर आला. गुलाबाच्या पाकळ्या बोटाला लागेनाशा झाल्या. सगळी परत आपापल्या खिशात ठेवून ती दारात वाट बघत उभी राहिली.

बाईंनी गुलाब हातात घेतला, अंगठा फिरवला आणि विचारलं, हे कुणी केलं. बाबा म्हणाले, मीच, रिकाम्या माणसाला उद्योग नसतो. आई मागेच होती, बोटं अजून काळी. बाई म्हणाल्या, मी जुनेपणाचे पैसे देते, आता हा नुसता धातू आहे, वजनावर घेईन. बाबांनी दिली नाहीत. दुकान रद्दीवाल्याने घेतलं.

आईला अजून उमगलेलं नाही. तिच्या मते बाई लहरी होती. तुला आणखी एक डबा पाठवायला सांगितलाय तिने. बाबांवर रागावू नकोस म्हणत नाही, फक्त हे पत्र ठेवू नकोस.

तुझी ताई


१९ जुलै

ताई,

सा. न. पत्र फाडलं. मला कळलंय हे त्यांना कळू देऊ नकोस.

ते पॉलिश आम्ही जुना मुलामा काढायलाच वापरतो. घड्याळं विकतोय अशी एक ओळ बाबांनी लिहिली असती, तर मी डबा हातातून सोडला नसता. त्यांनी चाकाचं विचारलं आणि मला टोमणा वाटला. आपल्या घरात सरळ बोललेलंही टोमण्यासारखंच ऐकू येतं. आता मी काय करू सांग, आईला ओरडू की स्वतःला? तुझ्या पोरांना माझी पापी.

भिरभिऱ्या


१९ जुलै

ती. बाबांना,

सा. न. वि. वि. तुमचं पत्र नाही, म्हणजे पाचशेवरून रुसलात. रुसा.

मी इथला करार आणखी तीन वर्षांचा केला. मुकादम पगार वाढवतो म्हणालाय. तेव्हा तो चाकाचा विषय सोडून द्या. तिकडे येऊन छत्रीवाल्याच्या खुराड्यात धूळ खायची मला हौस नाही, कधीच नव्हती.

आईला सांगा, पॉलिश कारखान्याने बंद केलं, दुसरा डबा मिळायचा नाही. कडी एकदाच घासायची असते. छान घासली असणार तिने, हात जोराचा आहे.

तुमची घड्याळं तुम्हाला लखलाभ. कधी विकायचं मनात आलं तर बाकीची विका, गुलाबाचा खिसा रिकामा करू नका. माझी सातवी आहे त्यात.

या खेपेला लिहितो, लोभ असू द्या.

आपला मुलगा

ता. क. पाचशे कापणार होतो, कापले नाहीत. काचा बसवा नाहीतर तेल घाला, मी विचारणार नाही. पुरते साडेतीन हजार पाठवले आहेत.