शरयूने वाकायचं नाही

२५ ऑक्टोबर १९९६. विश्रामबाग, सांगली.
डॉक्टरांनी शरयूला कमरेचा पट्टा दिला. मणक्याचं दुखणं. निदान दोन-तीन महिने वाकायचं नाही. परत येताना मी रिक्षातच निर्णय घेतला. या घरात शरयू वाकणार नाही. घरी आल्यावर तसं तिला सांगितलंही. ती म्हणाली, ते कळलं, पण केर कोण काढणार? दिवाळीपर्यंत काही सोय झाली तर ठीक, नाहीतर मी साताऱ्याला पुष्करकडे जाते. पुष्कर म्हणजे तिचा धाकटा भाऊ.

बायको घरात नसली की मला करमत नाही, भीतीही वाटते. हे तिला बोलून दाखवलं नाही.

धुणंभांड्याची हरणाबाई ऐकत होती. म्हणाली, आवं सर, त्यात काय हाय? मी काढते की केर. मी नको म्हणालो. माणसावर अवलंबून राहिल्याने देश मागे राहिला, असं मी कॉलेजात अर्थशास्त्राच्या तासाला दरवर्षी सांगतो. उपाय एकच. व्हॅक्युम क्लीनर.

मी स्वतः केर काढला असता. पण धुळीने शिंका येतात. शिवाय समोरच्या बिल्डिंगमध्ये माझे विद्यार्थी राहतात.

२७ ऑक्टोबर.
झोप नीट नाही. डोक्यात मशीनच.

सकाळी कॉलेजातल्या एका सहकाऱ्याकडे त्याचा क्लीनर बघून आलो. पिंपासारखा. मागे नळी, नळीमागे वायर, वायरीमागे त्याची बायको. बाद. शरयूने हे ओढायचं म्हणजे दुसरा मणका जाणार. अटी ठरवल्या. एक, हलका. दोन, बिनवायरीचा. कॉर्डलेस. याच दोन गोष्टी बघायच्या, फाटे फोडायचे नाहीत.

शरयूने आज स्वयंपाकघर झाडलं. मी हॉलमधून ओरडलो, वाकू नकोस! ती वाकूनच म्हणाली, मग कोण?
हे उत्तर झालं का?

२९ ऑक्टोबर, संध्याकाळी ५.
एक सेल्समन आला होता. अवधूत नावाचा. कोरेगावचा, टाय लावलेला, घाम पुसणारा. बॅगेतून मशीन काढलं. केवढंसं! तांब्याएवढं. वायर नाही. मी हातात घेतलं आणि खरंच गहिवरलो.

अवधूतने खिशातून रांगोळीची पुडी काढली आणि आमच्या सतरंजीवर उधळली. गुडघ्यांवर बसला, पुढे ओणवा झाला आणि सर्रकन निम्मी रांगोळी ओढून घेतली. मग मशीन कण्हलं आणि थांबलं. म्हणाला, सर, सकाळपासून डेमो चाललेत, चार्जिंग संपलंय.

उरलेली रांगोळी शरयूने झाडली. मी तिला वाकू नकोस म्हणालो.

घाई करायची नाही असं ठरवलं. तीन कंपन्यांची तुलना केल्याशिवाय घेणे नाही.

१ नोव्हेंबर. सातारा.
तुलनेसाठी एसटीने साताऱ्याला आलो. राजपथावरच्या दुकानात दोन मॉडेल्स मिळाली. शास्त्रीय पद्धत वापरली. ताठ उभं राहून मशीन हातात घ्यायचं, हात समोर लांब करायचा आणि थरथर सुरू होते का ते बघायचं. दुकानदार कंटाळून आत गेला. अवधूतचंच मशीन सगळ्यात हलकं ठरलं. म्हणजे आल्याचं सार्थक झालं.

पुष्करकडे जेवलो. तो म्हणाला, चिंतामणराव, ताईला बघायला आलात तेव्हा पोहे संपायच्या आत हो म्हणालात, आणि एका झाडूला इतके दिवस? झाडू नव्हे, असं मी त्याला दोनदा समजावलं. त्याने विचारलं, इथे तुम्ही आलात, तर तिकडे घर कोण झाडतंय?

विषय बदलला. बोर्डिंग स्कूलमधल्या पोरासारखा घराकडे जीव लागला होता. संध्याकाळच्या गाडीने निघालो.

४ नोव्हेंबर.
घेतलं! रंग लाल. अवधूतने पेढे मागितले, दिले.

हरणाबाई दिवाळीसाठी वडूजला लेकीकडे चालली आहे. तिला म्हणालो, खुशाल जा, आता काळजी नाही. आणि घरातली केरसुणी तिलाच देऊन टाकली. घरात दोन पर्याय असले की माणूस जुन्याकडेच वळतो. ती हात मागे घेऊन म्हणाली, आवं सर, सणाच्या तोंडावर घरातली केरसुनी कुनी देतं व्हय? लक्ष्मी हाय ती! मी म्हणालो, लक्ष्मी आता बॅटरीवर चालते. हे वाक्य मला फार आवडलं. शरयूला आवडलेलं दिसलं नाही.

हरणाबाईने केरसुणीला नमस्कार केला आणि पिशवीत घातली.

६ नोव्हेंबर.
सकाळी चार्जिंगला लावलं. थोड्याच वेळात लाइट गेले. माहितीपत्रकात लिहिलंय, पहिलं चार्जिंग पूर्ण झाल्याशिवाय हात लावू नये. दिवसभर या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारल्या. पायाला कचकच लागत होती, पण आजचा शेवटचा दिवस म्हणून सोसलं. दुपारी लाइट आले.

चार्जिंग पूर्ण झाल्याचा हिरवा दिवा लागला तेव्हा शरयू देवापाशी निरांजन लावत होती. मी मशीन घेऊन धावलो. ती म्हणाली, थांबा. दिवेलागणीला केर काढत नाहीत. लक्ष्मी यायची वेळ आणि आपण घर झाडायचं? मी म्हणालो, हा केर नाही, ही हवा आहे. ती म्हणाली, मग आत काय जातं?

मी पुरोगामी आहे. पण कॉलेजातल्या बढतीचा, रीडरच्या जागेचा इंटरव्ह्यू जानेवारीत आहे. उगाच कशाला. मशीन खाली ठेवलं.

७ नोव्हेंबर.
बॅटरी भरल्यावर मशीन लावून ठेवू नये, खराब होते, असं अवधूतने बजावलं होतं. म्हणून काल काढून ठेवलं. सकाळी बघतो तर दम गेलेला. पलंगाखालचा एक कोपरा झाला आणि बंद. पुन्हा लावलं. पुन्हा लाइट गेले. पुन्हा हिरवा दिवा आणि निरांजन एकाच वेळी.

शरयूला म्हणालो, निरांजन थोडं उशिरा लावता येईल का? तिने काडी ओढली.

हा प्रश्न नियोजनाचा आहे. उद्या कॅलेंडरमधली सूर्यास्ताची वेळ बघून, हिरवा दिवा आणि सूर्यास्त यांच्या मधली फट पकडणार. निश्चय.

८ नोव्हेंबर.
फट सापडली! सूर्य नारळाच्या झाडामागे, दिवा हिरवा. मशीन मोठ्या मानाने शरयूच्या हातात दिलं. पहिला मान तिचाच.

ती ते हातात धरून उभी राहिली. मशीन तिच्या कमरेपाशी, केर जमिनीवर. म्हणाली, याला दांडा कुठाय?

दांडा नाही.

ती म्हणाली, म्हणजे केरसुणीपेक्षा जास्त वाकायचं? पार गुडघ्यांवर? मी सांगायचा प्रयत्न केला की माझी तुलना वजनाची होती, उंची हा निकष त्यात नव्हता. ती खुर्चीवर बसली आणि हसायला लागली. मग हसता हसता डोळे पुसले. ते मला बघवेना. तसाच बाहेर चक्कर मारायला गेलो.

रस्त्यात कल्पना सुचली. घरी येऊन जळमटं काढायची काठी मशीनला सुतळीने बांधली. उंची आली, पण हलकेपणा गेला. काठी उचलायला दोन हात, मशीनचं बटण दाबायला तिसरा. आणि तोवर निरांजन.

१० नोव्हेंबर. लक्ष्मीपूजन.
शेजारच्या शालूबाईंनी शरयूला पूजेसाठी नवी केरसुणी आणून दिली. पण ती पूजेआधी वापरायची नाही. मी आधीच जाहीर केलं होतं की यंदा पाटावर मशीनही बसेल. सकाळपासून लाइट नाहीत, मशीन थंडगार.

शरयू म्हणाली, अशा घरात लक्ष्मी पाय ठेवणार नाही. मी म्हणालो, लाइट येऊ देत. ती म्हणाली, तुम्ही एक फडकं घेऊन पुसता का? मी घेणारच होतो. फक्त हार ओवून व्हायचा होता. मशीनच्या हँडलला झेंडूचा हार नीट बसत नव्हता, दोन वेळा सोडून ओवला. आतून बादलीचा आवाज आला. मी बसल्या जागेवरून म्हणालो, वाकू नकोस गं.

मग बादली कलंडली.

शरयू अर्धवट वाकलेली, एक हात भिंतीला. सरळही होता येईना, खालीही बसता येईना. मी धावत जाऊन तिला धरलं. शालूबाई आल्या, डॉक्टर आले, इंजेक्शन झालं. तिला पलंगावर झोपवलं. माझ्या हातांना झेंडूचा वास येत होता.

पूजा शालूबाईंनी उरकली.

१३ नोव्हेंबर. भाऊबीज.
पुष्कर जीप घेऊन आला. शरयूने पडल्या पडल्या त्याला ओवाळलं. मग त्याने जीपमध्ये गादी घातली आणि तिला उचलून नेलं. मी जीपच्या खिडकीशी जाऊन शरयूला म्हणालो, मी मोठ्या दांड्याचं मॉडेल बघतो. तिने डोळे मिटून घेतले. औषधाची गुंगी असणार.

१७ नोव्हेंबर.
चैन पडत नाही. हॉल, बेडरूम, हॉल. अवधूतला फोन केला. दांड्याचं मॉडेल पुढल्या वर्षी येईल म्हणाला.

साताऱ्याला फोन लावला. शरयूच आली, म्हणजे उठून चालते. बरं वाटलं, खूप बरं वाटलं. मागे काहीतरी खसखस आवाज येत होता. विचारलं, कसला? म्हणाली, पुष्कर केर काढतोय. रोज तोच काढतो. मी खुर्चीत बसून कोपरे दाखवते.

मी म्हणालो, त्याच्याकडे कुठलं मॉडेल आहे?

म्हणाली, केरसुणी. मग मी विचारलं, परत कधी येतेस? म्हणाली, इथे मला कुणी वाकू नकोस म्हणत नाही. केर काढलेला असतो.

फोन ठेवला. तळपायाला लागलेली कचकच झटकली आणि पलंगावर पाय वर घेऊन बसलो.