वेलदोड्याची गांडुळं

आई, आज माझ्या स्वयंपाकघरात पुन्हा तो वास सुटलाय, तापलेल्या प्लॅस्टिकचा आणि वेलदोड्याचा, आणि तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी मी वळून तुलाच शोधलं. बाबांच्या ऑफिसातला अमेरिकन साहेब कायमचा परत जाताना त्यांना एक खोकं देऊन गेला होता, आठवतं? दुधासारख्या पातळ प्लॅस्टिकने भरलेला डबा आणि प्लास्टरचे साचे. तिकडे तळ्यांतल्या बास नावाच्या माशासाठी लोक गळाला लावायची असली मऊ, खोटी गांडुळं घरीच ओततात म्हणे. बाबांनी ते दोनदा करपवलं आणि हात टेकले. मग जन्मात मासा न चाखलेली तू पदर खोचून पुढे झालीस. दिवसभर दुबईतल्या त्या फ्लॅटमध्ये एसीची घरघर ऐकून तू कंटाळली होतीस. हे काम हाती आलं आणि तू गुणगुणायला लागलीस. म्हणून मला ते खोकं फार आवडायचं.

खिडक्या सताड उघड्या, पंखा सुरू, आणि तू जुन्या पातेल्यात ढवळते आहेस. पांढरं प्लॅस्टिक आधी गोळा होतं, मग हळूहळू काचेसारखं नितळ. "आई, इट स्टिंक्स!" मी दारातून ओरडते. "थांब गं, पाक आलाय," तू म्हणतेस, त्यात रांगोळीची चमकी टाकतेस, आणि पाक आला की पुढे जे व्हायचं तेच होतं: तुझा हात डब्याकडे जातो आणि वेलदोड्याची पूड पातेल्यात पडते. बाबांनी कपाळावर हात मारला. "अगं, मासे काय श्रीखंड खायला येणार आहेत? हा एक फ्रायडे गळाला लावून बघतो. नाही लागला मासा तर खलास, सगळं गार्बेजमध्ये!" तुझं गुणगुणणं थांबलं. मला रडूच आलं.

त्या शुक्रवारी जबल अलीच्या बाजूला समुद्राकाठच्या खडकांवर तू पहिल्यांदाच आलीस, साडी आणि बाबांचे बूट घालून. बाबांनी सकाळभर गळ टाकला, काही नाही. "यल्ला, चला घरी," म्हणत त्यांनी चहा ओतायला गळाची दांडी तुझ्या हातात दिली आणि ती एकदम वाकली! "अहो, ओढतंय! अहो, मला ओढतंय!" बाबांनी चहा सांडला, मी तुझी कंबर धरली, आणि चांगला दणकट हामूर मासा वर आला, तोंडात तुझं केशरी गांडूळ. बाबांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. तू म्हणालीस, "सोडा त्याला. आपल्या हातचं खाऊन गेला, पाहुण्याला कोणी तळतं का?" बाबांनी निमूट सोडला. परतताना गाडीत तू मोठ्याने गात होतीस, आणि ते खोकं पुढे कितीतरी वर्षं ओट्याखाली राहिलं.

आता मी दुबई मरीनात राहते आणि साचे माझ्याकडे आहेत. तुझा नातू म्हणतो, "मॉम, फिश डोन्ट केअर अबाउट इलायची." खरं असेल. हा कागद मी साच्यांखाली ठेवणार आहे, आणि तुला एक सांगायचं राहिलंय. मला मासेमारीची काडीचीही आवड नाही, आई. मी गांडुळं ओतते ती पाक आल्यावर पूड टाकायला मिळते म्हणून.