ज्या पाकिटांवर इलाहीची सही होती

बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम.

मी, दस्तगीर बाबूलाल मुलाणी, वय एकाहत्तर, धंदा पूर्वी मटणविक्री, हल्ली काही नाही, राहणार कामोठे, नवी मुंबई, मूळ राहणार बनाची वाडी, तालुका माण, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहून ठेवीत आहे. माझ्या किडन्या गेल्या आहेत. शरीर थकले आहे, पण डोके ठिकाणावर आहे आणि तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून सही घेतलेली नाही. वकीलसाहेब म्हणाले, मोजके लिहा. प्रयत्न करतो. पण कारण सांगितल्याशिवाय वाटणी सांगितली तर लोक म्हणतील, म्हातारा भ्रमला होता.

१. माझी पत्नी जैतुनबी गेल्या वर्षी अल्लाघरी गेली. मागे दोन वारस आहेत : मुलगा इलाही आणि मुलगी नसीम. नसीम लग्न होऊन तळोज्यात असते.

२. कामोठ्यातील राहते घर, म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर, ही माझी स्वकमाई आहे. त्यात वडिलोपार्जित काही नाही. वडिलोपार्जित होते ते फक्त काम. बनाच्या वाडीत जत्रेचा बकरा मुलाण्याने बिस्मिल्ला म्हणून कापल्याशिवाय कोणाची चूल पेटत नसे. बकरा कोणाचाही असो, नवस कोणत्याही देवाचा असो, सुरी आमची. तो आमच्या घराचा मान होता आणि त्याबद्दल मुंडी आणि पायांचा वाटा मिळे. कामोठ्यात आमच्या भागातली माणसे पुष्कळ. मी दुकान टाकले तेव्हा रविवारी निम्मी वाडीच रांगेत उभी असल्यासारखे वाटे. पाटीवर ‘मुलाणी मटण शॉप’ आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘हलाल’ असे लिहिले होते.

३. आप्पा काटकर हे माझ्या गावचे आणि माझ्या दुकानावरच्या सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांच्याविषयी लिहायचे नाही असे ठरवले होते, पण लिहितो. एके दिवशी ते दुकानात आले आणि म्हणाले, “दस्तगीरभाई, पाटीवरचा तेवढा एक शब्द पुसा की. पोरं ऐकनात.” मी रंगारी बोलावून शब्द पुसला. पंधरवड्याने पुन्हा आले. “पोरं म्हणत्यात, शब्द पुसला तरी कापायची रीत तीच हाय.”

मी म्हटले, “आप्पा, तुमच्या बारशाचं बकरं माझ्या बापानं कापलं. तवा रीत कुठली होती?”

आप्पांनी पिशवी घडी करून खिशात घातली. नेहमीचे मटणही न घेता गेले. त्यानंतर दुकानासमोर चार-पाच पोरे नुसती उभी राहू लागली. कोणी हात लावला नाही, शिवीही दिली नाही. येणाऱ्या गिऱ्हाइकाचा मोबाईलवर फोटो काढत, एवढेच. गाळ्याच्या मालकाने पुढचा करार केला नाही. दुकान बंद झाले. आमच्या बाजूला भाड्याने राहणाऱ्या मुसलमानांना जवळचे तेवढे एकच दुकान होते. माझा आप्पांवर कोणताही दावा नाही. मयताला आले तर त्यांना बसायला खुर्ची द्यावी.

४. दुकान गेल्यावर घर इलाहीने चालवले. हे त्याच्या बाजूने लिहिलेच पाहिजे. तो बी.कॉम. आहे आणि एका चिकन पॅक करणाऱ्या कारखान्यात हलाल सुपरवायझर होता. तिथल्या प्रत्येक पाकिटावर हिरवा शिक्का आणि त्याची छापील सही असे. आमच्या बाजूचे लोक तीच पाकिटे घेऊ लागले. मुलाण्याच्या पोराची सही, आणखी काय पाहिजे?

त्याच काळात जैतुनबीला कॅन्सर निघाला. अन्न उतरत नसे. डॉक्टर म्हणाले, सूप द्या, ताकद टिकली पाहिजे. इलाही रोज कामावरून येताना पाकीट आणी आणि सूप स्वतः शिजवी. तिला नमाजेइतकीच खाण्याची चाड होती. दवाखान्यातसुद्धा कुठले आहे हे विचारल्याशिवाय तिने कधी घास घेतला नाही. इलाहीच्या पाकिटावरची सही मात्र ती बोटाने चाचपून बघे आणि शेजारणीला म्हणे, “माझ्या पोराच्या नावाचं हाय. डोळं झाकून खाते.” शेवटचे तिच्या पोटात गेले तेही तेच सूप. तिचे मरण त्या कोंबडीमुळे आले असे मी म्हणत नाही. डॉक्टरांनीही तसे काही सांगितले नाही. माझी तक्रार निराळी आहे.

५. ती गेल्यावर मी घरात नुसता बसून राही. इलाहीनेच साहेबांना सांगून मला कारखान्यात कापायच्या कामावर लावले. तिथे कोंबड्या उलट्या टांगून येतात. पट्टा इतका जोरात पळतो की तोंडातले बिस्मिल्ला पुरे व्हायच्या आत तीन माना पुढे जातात. मी पट्टा हळू करायला सांगितले. सुपरवायझर माझाच मुलगा. तो म्हणाला, “अब्बा, जमेल तेवढं म्हणा.”

उन्हाळा होता. ट्रकमधून क्रेट उतरवणारा भैरू, जालन्याकडचा, एकदा जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ आला. “चाचा, तुम्ही जुनं मानूस म्हणून सांगतो. या खालच्या क्रेटातल्या बघा. गाडीतच मेल्यात. ह्या बी आतच जात्यात.” मी हात लावला. थंड होत्या, पाय ताठ झाले होते. मुर्दार. आपोआप मेलेले जनावर आमच्यात खायचे नसते, एवढे लहान पोरालाही कळते. त्या पट्ट्यावर टांगलेल्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या. पुढे त्यांची पाकिटे झाली आणि पाकिटांवर सही लागली.

मी इलाहीला बाजूला घेतले. तो म्हणाला, “उन्हाळ्यात होतं असं. नाही म्हटलं तर उद्या दुसरा सही करेल. आपलं घर कसं चालायचं?”

मी विचारले, “तुझ्या आईला आणायचास ते?”

तो पट्ट्याकडे निघाला.

“इलाही, आईला आणायचास ते कुठलं होतं?”

“त्याच लाईनचं,” तो म्हणाला. “मी निवडून आणायचो, अब्बा.” आणि मग पोर ओक्साबोक्शी रडू लागले. मी त्याला जवळ घेतले नाही. माझे हात रक्ताने भरले होते, पण कारण ते नव्हते.

६. शिक्का देणाऱ्या संस्थेच्या कार्यालयात मी दोनदा गेलो. ते म्हणाले, कागद व्यवस्थित आहेत. मग जुम्म्याच्या नमाजेनंतर मशिदीबाहेर उभा राहून जे पाहिले ते सांगितले. भैरूही शेजारी उभा राहिला आणि आपण क्रेट उतरवतो हे त्याने सर्वांदेखत सांगितले. मी कामावर जाणे आधीच सोडले होते. सोमवारी भैरूला कामावरून काढले. इलाहीलाही काढले, कारण मी त्याचा बाप. पट्टा आजही चालू आहे, शिक्काही तोच आहे, सही फक्त दुसऱ्याची आहे. मला वाटले होते, लोक कारखान्यावर चिडतील. लोक माझ्यावर चिडले. एक बाई म्हणाली, “चाचा, दुकान तुमचं बंद, पाकीट तुम्ही हराम केलं. पोरांना काय खिलाऊ?” मौलानासाहेब म्हणाले, न कळत ज्याने खाल्ले त्याच्यावर गुन्हा नाही. जैतुनबीपुरती तेवढ्या शब्दावर मला झोप लागते.

७. मुलाला बेदखल करता येईल का, असे मी वकीलसाहेबांना विचारले होते. ते म्हणाले, शरियतप्रमाणे तुम्हाला एक तृतीयांशच मर्जीने देता येते. बाकीचे वारसांचे आहे. ते ऐकून मला बरे वाटले. माझ्या रागाच्या हातात सगळे नाही, हे ठीकच आहे. म्हणून माझ्या पश्चात घर विकावे आणि कफन-दफनाचा खर्च वजा जाता जे राहील त्याचा एक तृतीयांश भैरू यास द्यावा. तो परधर्माचा आहे, कोण कुठला आहे, अशी हरकत कोणी घेऊ नये. खरे बोलल्याबद्दल त्याची रोजी गेली आणि त्या दिवशी माझ्याखेरीज आमच्यातले कोणी त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले नाही. उरलेले इलाही व नसीम यांनी शरियतप्रमाणे वाटून घ्यावे.

८. माझ्या सुऱ्या या मृत्युपत्रात नाहीत. त्या मी हयातीतच नसीमला बक्षीस दिल्या आहेत आणि तिने ताबा घेतला आहे. बाईने कापलेले चालते, असे मौलानासाहेबांनी सांगितले आहे. रविवारी सकाळी तिच्या मागल्या दारी लोक जिवंत कोंबडी घेऊन येतात. काही जण दारातून परत जातात, “बाईच्या हातचं नको,” म्हणतात. ती त्यांना काही बोलत नाही. पहिल्या वेळी तिचा हात थरथरला होता. थरथरू दे. ज्याचा हात कधीच थरथरत नाही त्याच्या हातात सुरी देऊ नये.

९. दफनाबाबत. जनाजा पुढे ठेवल्यावर इमामसाहेब विचारतात, मयताचे कोणाशी काही देणेघेणे आहे काय. त्या वेळी इलाहीने पुढे येऊन, पाकिटांत काय जात होते आणि आपण कशावर सही करत होतो, हे सर्वांसमोर बोलावे. ~~तो बोलेपर्यंत माझी मयत उचलू नये.~~

वरील शेवटचे वाक्य मी खोडले आहे आणि खोडल्याजागी सही केली आहे. मसुदा वाचून नसीम म्हणाली, “अब्बा, उन्हात त्याला तुमच्यासमोर किती वेळ उभा करणार?” मी तिच्याकडे पेन मागितले. इलाही आता दुसऱ्या गावी कुठल्या तरी गोदामात असतो आणि फोन करत नाही. तो आला आणि बोलला तर अल्ला त्याला बरकत देवो. आला आणि बोलला नाही, तरी मयत उचलावी. खांद्याला पुढची जागा त्याचीच आहे. ती दुसऱ्या कोणाला देऊ नये.

हे मृत्युपत्र मला वाचून दाखवण्यात आले. बरोबर आहे म्हणून सही करतो.

ठिकाण : कामोठे, नवी मुंबई
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५

(सही) दस्तगीर बाबूलाल मुलाणी

साक्षीदार, ज्यांच्या डोळ्यांदेखत वरील सही झाली :

१. (सही) धर्मराज सोपान गायकवाड, सेवानिवृत्त लिपिक, राहणार कळंबोली
२. (सही) डॉ. उन्नती प्रीतम म्हात्रे, राहणार कामोठे