वेस्टनहूकच्या बांधावरची पाटी काढण्याबाबत

मी, क्राइन डिंगेमान्से, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार वेस्टनहूक, झेलंड, एके काळचा व्यावसायिक सायकलपटू, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. गुडघे कामातून गेले आहेत, डोके शाबूत आहे. कोणाचा दबाव नाही. लाज मात्र आहे, आणि ती त्रेपन्न वर्षांची आहे.

१. राहते घर आणि मागची नासपतीची झाडे माझी धाकटी बहीण नेल्त्ये हिला. छप्पर पश्चिमेकडून गळते. हे तिला आधीच सांगितले आहे, मागाहून माझ्या नावाने बोटे मोडू नयेत.

२. बँकेतली शिल्लक आणि सगळी हत्यारे गावच्या सायकल क्लबला. आमच्या संघाचा मॅनेजर दहा वर्षे मला 'बाटल्या वाहणारा बैल' म्हणाला. मी बैलच होतो, त्याला माफ केले. त्याने दिलेले घड्याळ मात्र कोणाच्या गळ्यात मारू नये, ते कधीच वेळेवर नसते.

३. गावातल्या कॅफेच्या कपाटातला चषक. मी जिंकलेली ही एकच शर्यत. १९७१ च्या जूनमध्ये ती आमच्या गावातून जाणार होती. आमच्यात रीत अशी, की एखाद्या स्वाराचे गाव आले की बाकीचे वेग कमी करतात आणि त्याला पुढे सोडतात. त्याने उतरावे, घरच्यांना भेटावे, दोन घास खावेत आणि मागून घोळका आला की त्यात मिसळावे. ही रीत कुठे लिहिलेली नाही, पण ती मोडलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

घोळक्यातल्या जुन्या मंडळींशी बोलला तो लेन यॉब्से, माझा संघातला सोबती आणि गावातला शेजारी. "जा रे, तानेत्येमावशी सकाळपासून खुर्ची टाकून बसली असेल," तो म्हणाला. "तू पळून जाणार नाहीस, असा शब्द दिलाय मी त्या मंडळींना. मला तोंडघशी पाडू नकोस."

आई, म्हणजे लेनची तानेत्येमावशी, बांधावर उभी होती. हातात बोलुसची, म्हणजे आमच्याकडच्या गोड पावांची, ताटली, दालचिनीचा पाक बोटांवर ओघळलेला. वारा माझ्या पाठीशी होता आणि मागे रस्ता रिकामा. "क्राइन, अरे थांब की," ती म्हणाली. मी थांबलो नाही. बत्तीस किलोमीटर एकटा गेलो आणि जिंकलो.

४. संध्याकाळी लेनने गावात खरे ते सांगितले. पण आईने त्याआधीच शेजारणींना सांगून टाकले होते, "मीच हात केला त्याला, जा म्हणून." गावाने तिचे मानले आणि लेनला जळका ठरवले. पुढच्या शर्यतींत बाजूचा वारा सुटला की बाकीचे स्वार त्याला आडोशाला जागा देईनात. माझ्यापेक्षा त्याच्यावर राग जास्त, कारण शब्द त्याचा होता. वर्षभरात त्याने शर्यती सोडल्या आणि कांदे लावायला घेतले. मी तोंड उघडले नाही. आई सत्याऐंशी साली गेली, तेव्हाही नाही. मला माझी शरम वाटते.

५. म्हणून चषक कपाटातून काढावा. बांधावर क्लबने लावलेली पाटी, 'इथे आईने हात केला आणि क्राइन सुटला', माझ्या खर्चाने उखडावी. हे सगळे अंत्यविधीनंतर कॉफीच्या वेळी मोठ्याने वाचावे, आणि केक वाटण्याआधी वाचावे, म्हणजे कोणी उठून जाणार नाही.

६. लेनला मी काही ठेवलेले नाही. साक्षीदाराला वारसा घेता येत नाही, असे नोटरीबाई म्हणाल्या, आणि मला त्याची सही हवी होती. इथवर लिहिलेला कागद घेऊन मी त्याच्या दारात गेलो. त्याने चष्मा लावून दोनदा वाचले.

"एवढं लिहिलंस, आणि तरी एक ओळ खोटी," तो म्हणाला. "ढग होते त्या दिवशी. ती ओळ खोड, मग सही करतो."

दुरुस्ती: कलम ३ मधील 'डोळ्यावर ऊन आल्यामुळे आई मला नीट दिसली नाही' हे वाक्य खोडले आहे. ती मला नीट दिसली होती.

लिहून देणार: क्राइन डिंगेमान्से (सही)
साक्षीदार: १. लेन यॉब्से, कांदा-शेतकरी (सही) २. मारिया क्लूस्टरमान, नोटरी (सही)
ठिकाण: वेस्टनहूक. दिनांक: १४ ऑक्टोबर २०२४